वेणी माझ्या हातात आहे

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. म्हणजे लिहायचंच. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई डोळे बघायला वर आल्या होत्या, त्यांनी ही वही दिली. म्हणाल्या, आजी, रोज चार ओळी लिहा, ओळी एकमेकींवर चढायला लागल्या की समजा मोतीबिंदू पिकला. मी म्हटलं, बाई, माझ्या ओळी चौथीपासूनच एकमेकींवर चढतात, मास्तर तेव्हाच दमले. हसल्या. चांगल्या आहेत, फक्त चौकशा फार. पोरगी खाली कधी दिसत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, तिला धुळीचा त्रास आहे.

वही माझी एकटीची. मेथीला ताकीद दिलीय, हात लावायचा नाही. पण वही नवी, तिला काय माहीत मी कोण, म्हणून एकदा सांगून टाकते.

मी टोप करते. केसांचे. नाटकवाल्यांसाठी, आणि आजारपणात ज्यांचे केस गेले त्यांच्यासाठी. डोक्याच्या मापाची जाळी लाकडी डोक्यावर ताणायची, एकेका भोकातून हुकाने दोन-दोन केस ओढायचे आणि गाठ मारायची. एका टोपाला तीस हजार गाठी. चाळीस वर्षं झाली. प्रत्येक टोपाच्या आत, मानेच्या बाजूला, लाल धाग्याची एक बारीक गाठ असते, ती माझी खूण. टोपांच्या कारखान्याचा मालक म्हणतो, कशाला, कोण बघणार? मी म्हणते, मी बघते ना.

डोळे गेले तर गेले, बोटं आहेत. केस बोटात धरला की मूळ कुठलं, शेंडा कुठला ते सांगते. कापून किती दिवस झाले तेही सांगते. जिवंत डोक्यावरचा केस तर मी झोपेतसुद्धा ओळखेन.

आणि मेथी माझी नात. लेकाची लेक. ८ मार्चला अठराची होईल. केस गुडघ्यापर्यंत! पोटात होती तेव्हा सुनेला मेथीचेच डोहाळे. माझ्या कुंड्या ओरबाडून कच्चा पाला खायची. मी एका शब्दाने बोलले नाही. एवढंच म्हटलं, खा बाई, खा, पण मग पोर माझं हं. ती हसली. म्हणजे कबूल.

चार ओळी म्हणता पानभर झालं. डोळे उत्तम आहेत.

६ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्याच्या मालकाचा फोन. मोठी ऑर्डर. मुलांचं नाटक आहे, त्याला दोन टोप. एक म्हातारीचा, पांढरा, पिंजारलेला. दुसरा पोरीचा, नऊ हात लांब वेणीचा.

नाटक कुठलं विचारलं तर तीच जुनी गोष्ट. शेजारीण म्हातारीच्या बागेतला पाला चोरून खाते, बदल्यात म्हातारी तिची पोर घेते आणि उंच मनोऱ्यात ठेवते. जिना नाही, दार नाही. म्हातारीने खालून हाक मारली की पोरगी वेणी खाली सोडते आणि म्हातारी ती धरून वर चढते. मग एक राजपुत्र त्याच वेणीने चढायला लागतो. म्हातारी रागाने वेणी कापते. शेवटी म्हातारी एकटी, आणि पोरं टाळ्या वाजवतात.

मला लहानपणीही ही गोष्ट पटली नव्हती. अहो, त्या वयात वेणीवरून चढायचं! गुडघ्यांचा विचार केला कोणी? आणि नऊ हात वेणी काय आपोआप वाढते? रोज तेल कोणी लावलं, गुंता कोणी काढला? राजपुत्राने? तो आयत्या वेणीवर चढला.

ठरवलं. म्हातारीची खरी गोष्ट मीच लिहिणार. याच वहीत. महिनाअखेरीस पूर्ण.

९ फेब्रुवारी, शनिवार

गोष्ट सुरू करायची राहिली. टोपाची जाळी ताणण्यात दिवस गेला.

आमचा दिवस असा. सकाळी मेथी जाळी धुते, केस खिळ्यांच्या फणीतून ओढून सरळ करते. मी गाठी मारते. दुपारी जेवून मी कॉटवर पडते, मेथी खिडकीशी स्टुलावर बसून काम करते आणि तिची वेणी माझ्या हातात असते. मनगटाला दोन वेढे. लहान होती तेव्हा खिडकीत चढायची म्हणून सुरू केलं, मग तशी सवयच लागली. वेणी हातात नसेल तर मला झोपच येत नाही. परवा म्हणाली, आजी, आता मी काय खिडकीत चढणारेय? मी म्हटलं, तू नाही गं, पण माझा जीव चढतो.

चार मजल्यांचा जिना आहे, माझे गुडघे अडीच वर्षांपूर्वी संपले. मी खाली जात नाही म्हटल्यावर ती तरी एकटी कशाला जाईल? दहावी झालीय, पुरे झालं. दुकानदाराला फोन केला की तो सामान टोपलीत ठेवतो, मेथी दोरीने वर ओढते. तयार टोपही टोपलीतूनच खाली जातात. दाराला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. सगळं कसं सुटसुटीत.

आज टोपलीत मेथीची एक जुडी जास्तीची निघाली. मागवली नव्हती. दुकानदार भला माणूस.

१३ फेब्रुवारी, बुधवार

खरी गोष्ट. एक म्हातारी होती. ती फार प्रेमळ होती.

(पुढचं उद्या. हूक बोटात गेला.)

१७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा जुडी. आठवडाभरातली तिसरी. वर कागद गुंडाळलेला असतो, मेथी जुडी निवडायच्या आधी तो कागद खिडकीशी नेऊन वाचते. काय गं आहे त्यात? म्हणाली, जुना पेपर आहे. मी म्हटलं, वाच मोठ्याने. म्हणाली, हवामान आहे, कोरडं राहील. वाचनाची आवड आहे पोरीला. माझ्यावर गेलीय.

आज फार हसत होती. इतक्या वर्षांत असं हसली नव्हती. या घरात किती सुखी आहे ते बघून डोळे भरले. की मोतीबिंदूमुळे भरतात, ते डॉक्टरीणबाईंना विचारायचं.

गोष्ट पुढे लिहिली. शेजारणीने म्हातारीच्या बागेतला पाला खाल्ला. म्हातारीने माफ केलं आणि पोर घेतलं. हे मात्र वाईट दिसतं. घेतलं नको. सांभाळायला आणलं. हां.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी टोपली खाली गेली तेव्हा खालून बाईचा आवाज आला. मिळाली का गं जुडी? मेथी पटकन आत सरकली. कोण होतं विचारलं, म्हणाली, दुकानदाराची बायको. ती तर मागच्या साली गेली, फोनवर तोच रडला होता. पण केलं असेल दुसरं लग्न, करू दे बापड्याला.

फक्त ते 'गं'. शेवट ओढून, गाणं म्हटल्यासारखं. तसं 'गं' म्हणणारी एकच बाई मला माहीत आहे. पण ती नव्हे. तिला पत्ता कुठून मिळणार?

आता विषय निघालाच आहे तर लिहिते. माझा लेक मेथीच्या जन्माआधीच गेला, कामावर मशीनखाली आला. सून बावीस वर्षांची. मेथी दीड वर्षाची झाली तेव्हा तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. म्हणाली, आई, महिनाभर पोरीला सांभाळा, खोली मिळाली की घेऊन जाते. मी हो म्हटलं. त्याच महिन्यात मी घर बदललं. या घरात उजेड चांगला, केसांच्या कामाला उजेड लागतो. सुनेला पत्ता द्यायचा राहून गेला.

राहून जातं माणसाचं.

मेथीला सांगितलंय की आई बाळंतपणात गेली. पोराच्या मनाला एकदाच काय तो धक्का, रोज वाट बघणं नको. यात माझा काय स्वार्थ?

२५ फेब्रुवारी, सोमवार

मेथी न्हायला गेली की दीड तास लागतो, केसच तेवढे आहेत. ती वेळ साधली. चिठ्ठी लिहिली, टोपलीत ठेवली, स्वतः खाली सोडली.

एक, मेथी इथे राहत नाही. दोन, मेथीला तुझं तोंड बघायचं नाही.

दोन्ही लिहिलं. एखादं तरी लागू पडेल.

टोपली वर ओढताना छातीचा भाता झाला. बघते तर आत चिठ्ठी नाही, जुडी आहे. ताजी, पाण्याने ओली. एवढं खडसावलं तरी जुडी पाठवते! वाचता येत नसेल. नाही, येतं. मग चष्मा नसेल जवळ.

टेन्शन घ्यायचं नाही असं ठरवलं. जुडी कचऱ्यात टाकली. मेथीने ती काढून धुऊन ठेवली. 

१ मार्च, शुक्रवार

आनंदाची बातमी! मेथीला धंद्यात गोडी वाटायला लागली. इतकी वर्षं हाताला धरून शिकवलं तरी जांभया द्यायची. आज आपण होऊन विचारते, आजी, विकत घेतलेली वेणी डोक्यावरून कशी कापतात गं? विस्कटत नाही?

मी तर उठूनच बसले. सगळं दाखवलं. आधी मुळाशी मेणाचा धागा घट्ट बांधायचा. मग दोन बोटं सोडून दुसरा. कात्री दोन्हींच्या मधून. एका झटक्यात नाही, चावत चावत, म्हणजे डोक्याला हिसका बसत नाही. बांधलेलं टोक ते मूळ. मूळ आणि शेंडा एकदा का उलटसुलट झाले की त्या केसाचा जन्मभर गुंता.

तिने दोनदा विचारून घेतलं. डोक्याला अजिबात हिसका बसत नाही ना? मी म्हटलं, झोपलेल्या माणसालाही कळणार नाही.

अशी शिष्या मिळायला भाग्य लागतं. माझ्यामागे हे काम बुडत नाही आता.

गोष्ट महिनाअखेरीस पूर्ण व्हायची होती. फेब्रुवारी मेला आखूडच.

५ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई आल्या. ऑपरेशन लगेच करा म्हणाल्या, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागेल. मी विचारलं, मग किल्ली कोणाकडे? म्हणाल्या, मेथीकडे. मला हसूच आलं. शिकलेली माणसं किती भोळी असतात.

जाताना खिडकीशी मेथीशी काहीतरी कुजबुजत होत्या. काय हो, म्हटलं, माझ्यापासून चोरून? म्हणाल्या, केसांना कुठलं तेल लावते ते विचारत होते. सांगितलं असेल तिने.

डोळ्यांचं म्हणाल तर आकार दिसतात, बारकावे जातात. आज सकाळी गंमत झाली. स्टुलावर लाकडी डोकं ठेवलेलं, त्यावर मेथीची ओढणी वाळत होती. मी म्हटलं, ऊठ गं बाई, चहा ठेव, किती वेळ बसशील? मागून मेथी म्हणते, आजी, मी इथेय. दोघी पोट धरून हसलो. माझं थांबलं, तिचं थांबेना. मग ती त्या डोक्याकडे बघतच राहिली.

ठरवलं. आठ तारखेला, वाढदिवसाला, मेथीला आईचं सगळं सांगायचं. अठराची होतेय. मनाचा मोठेपणा दाखवायचा.

८ मार्च, शुक्रवार

वाढदिवस छान झाला. मी माझी कात्री तिला दिली. चाळीस वर्षं माझ्या हाताने झिजलेली, दुसऱ्या कोणाला कधी हात लावू दिला नव्हता. कात्री हातात घेऊन खूप रडली. मी म्हटलं, वेडे, आनंदात रडतात का?

सांगायचं मात्र जमलं नाही. तोंडाशी आलं होतं. तिनेच विषय काढला, आजी, माझी आई कशी होती गं? मी म्हटलं, चांगली होती, बिचारी गेली. आजी, नक्की गेली ना? हो गं. माझ्या जवळ येऊन बसली, माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला, आणि अगदी हळू म्हणाली, आजी, तू नीट आठव. आज माझा वाढदिवस आहे. आई नक्की गेली?

तीनदा विचारलं. वाढदिवसाच्या दिवशी मेलेल्या माणसांचं काय काढायचं! मी म्हटलं, गेली म्हणजे गेली.

बरं, म्हणाली. उठली आणि भांडी घासायला गेली.

उद्या नक्की सांगणार.

९ मार्च, शनिवार, दुपारी साडेतीन

सांगितलं! सगळं सांगितलं! छातीवरचा धोंडा उतरला. लगेच लिहून ठेवते. उजव्या हाताने लिहितेय, डाव्या मनगटाला वेणी आहे.

जेवून पडले. आज डोळा जरा जास्तच लागला. जाग आली तेव्हा मेथी स्टुलावर खिडकीकडे तोंड करून बसलेली, डोक्यावरून ओढणी. वेणी जरा ओढून बघितली, नेहमीसारखी पलीकडून ओढ लागली. म्हटलं, हीच वेळ. समोरासमोर मला जमलं नसतं, तिची पाठ होती म्हणून जमलं.

म्हटलं, मेथे, मागे वळू नकोस, नुसतं ऐक. तुझी आई मेली नाही. मी घर बदललं आणि तिला पत्ता दिला नाही. राहून नाही गेला गं, दिला नाही. माझा पोरगा गेला होता. घरात तुझ्याशिवाय काही हलत नव्हतं. तू दीड वर्षाची होतीस, माझी वेणी धरून उभी राहायचीस. महिन्याने ती तुला नेणार, मग मी काय धरून उभी राहणार होते? आणि तुला धुळीचा त्रासबिस काही नाही. खाली ती जुड्या घेऊन येते, ती तुझी आईच आहे. तिला वर बोलाव हवं तर. मी काही बोलणार नाही.

पोरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द नाही, रडारड नाही, आदळआपट नाही. किती समजूतदार! दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. चांगले संस्कार म्हणतात ते हेच.

आता उठते आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवते. मग दोघींसाठी चहा.

९ मार्च, पावणेसहा

लाकूड.

ओढणीखाली लाकडी डोकं. वेणी त्याच्या खिळ्याला मेणाच्या धाग्याने घट्ट बांधलेली.

गळ्यात दोरा नाही. किल्ली दाराला, दार उघडं.

डॉक्टरीणबाई वर आल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मेथी दीड वाजता आईबरोबर गेली. सून नाटकाच्या रंगपटात कामाला आहे म्हणे, नटांचे कपडे आणि टोप सांभाळते. एकदा टोप साफ करायला उलटा केला, तर आत मानेशी लाल गाठ. माझी. लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला दाखवली होती. मग तिने कारखाना गाठला आणि कारखान्यातून पत्ता.

सतरा वर्षांनी गाठ ओळखली. काम पक्कं आहे माझं. तसं बाईंना म्हटलंही. त्यांनी पाण्याचा पेला परत माझ्या हातात दिला.

मी विचारलं, मी आत्ता पोरीला सगळं खरं सांगितलं, त्याचं काय? बाई म्हणाल्या, आजी, काल तिने तुम्हाला तीनदा विचारलं ना? सून काल दिवसभर खालीच उभी होती. तुम्ही एकदा जरी सांगितलं असतं की आई आहे, तर मेथी तिला वर घेऊन येणार होती. इथेच राहणार होत्या दोघी, तुमचे डोळे बरे होईपर्यंत. मेथीचं तसंच ठरलं होतं.

एका दिवसाचा फरक. एकाच.

बाई गेल्यावर वेणी तपासली. मुळाशी मेणाचा धागा, घट्ट. कात्री चावत चावत चालवलीय, कड कशी साफ. कापताना मला कळलंही नाही. कापून जेमतेम दोन तास झाले होते, आणि ती हातात धरून मी अर्धा तास बोलत होते. बोटांना कळलं नाही. बोटांना आज थंडी असेल. मार्चात असते कधी कधी.

११ मार्च, सोमवार

कारखान्याचा माणूस खाली हाका मारत होता. म्हातारीचा टोप टोपलीतून सोडला. आत लाल गाठ मारायची राहिली. नाही, राहिली नाही, मारली नाही.

मालकाचा फोन आला, नऊ हात वेणीचं काय झालं? म्हटलं, तेवढी लांब नाहीये माझ्याकडे. गुडघ्यापर्यंतच आहे. म्हणाला, तीच द्या, जोड लावू. म्हटलं, ती द्यायची नाही.

खरी गोष्ट. एक म्हातारी होती.

दार अजून उघडंच आहे. कोणीतरी येऊन लावावं म्हणून ठेवलंय. डॉक्टरीणबाई संध्याकाळी येतात, पण त्या जाताना उघडंच ठेवून जातात, म्हणतात, असू दे, वारा येतो.

दुपारी पडले. वेणी मनगटाला दोन वेढे गुंडाळली. डोळे मिटायच्या आधी सवयीने जरा ओढून बघितली.

सगळी हातात आली.